टांगलेला चक्का

भाऊ बोटीवर इंजिनखोलीत होता. बोट ग्रीसला लागली तेव्हा त्यानं मला तिथल्या स्वयंपाकाचं एक इंग्रजी पुस्तक पार्सलनं पाठवलं, आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिनासं झालं. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून मी कुर्डुवाडीच्या पलीकडं गेले नव्हते. भाकरी तव्यावर टाकून पुस्तक उघडायची आणि भाकरी करपायची.

निम्मं पुस्तक मटणाचं. आमचं घर लिंगायत, त्यामुळे ती पानं नुसती वाचायची. जमण्यासारखं एकच होतं, घट्ट दह्यात काकडी आणि लसूण. भाऊ सुट्टीवर आला की एका दुपारपुरता आमच्याकडं येणार होता. त्यानं ते चाखून म्हणावं, हो ताई, तिकडं अस्संच असतं. मला एवढंच हवं होतं.

ऑलिव्हचं तेल औषधाच्या दुकानात मिळालं. सासूबाईंनी आधी बाटलीकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं. असलं तेल बाळाला चोळायलाच आणतात. मी मान हलवून नाही म्हटलं.

आदल्या दिवशी दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. सकाळी मागच्या दारी काकडी किसून, पिळून आत आले, तर सासूबाई चक्का पुरणयंत्रातून काढत होत्या. साखर, वेलदोडा, सगळं पडलं होतं.

"पाव्हणा येनार, आन् साखर काढून ठेवायची इसरलीस की गं," त्या मायेनं म्हणाल्या.

आमच्याकडं चक्का टांगला म्हणजे श्रीखंडच. त्यांचं काय चुकलं? तरी मला असा संताप आला की रडू फुटायचंच बाकी होतं. पुन्हा दही बांधायला वेळ नव्हता. गिरणीचा भोंगा झाला आणि भाऊ दारात.

तो वाटीवर वाटी श्रीखंड खात होता. मी वाढताना उगाच आत-बाहेर करत होते. शेवटी राहवेना.

"तिकडं ते काकडीचं दही कसं लागतं रे?"

"कुणाला माहीत, ताई. मला खाली उतरायला मिळालंच नाही. पुस्तक आमच्या खानसाम्यानं आणून दिलं. तुला वाचायला आवडतं ना."

तो गेल्यावर मी दही पुन्हा टांगलं आणि साखरेचा डबा वर ठेवला. दुसऱ्या दिवशी लसूण, काकडी, बाटलीतलं तेल, सगळं पुस्तकाप्रमाणं घातलं. सासूबाईंनी बोटावर घेऊन चाखलं.

"कोशिंबीर हाय की ही. बरी झालीया."

मी भाकरीशी खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं, पुन्हा खाल्लं. बरोबर झालं होतं की चुकलं होतं, हे सांगणारं माझ्या ओळखीत कुणीच नव्हतं.