पेल्यात रंग नव्हता

कॅप्टन सायबानं पेल्यातलं सारं माझ्या शर्टावर फेकलं. समोर चार शिकणारे पोरं-पोरी उभे. मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस. बटनावरून थेंब खाली जाऊन राह्यले अन् मी हात बाजूले धरून उभा.

"तांड्यात दारू गाळणारे आता आम्हाला पेट्रोल शिकवणार," सायेब म्हणाले. पोरं हसले.

माझ्या बापानं जलमात दारूले हात लावला नाही. पण ते कोणाले सांगाचं? दारव्ह्याकडचा तांडा अन् माझं आडनाव ऐकलं का लोकायले पुढचं सारं माहीतच असते.

माळावरच्या धावपट्टीवर विमान शिकवाची शाळा हाये. माझं काम सकाळचं. उडाच्या आधी पंखाखालच्या तोटीतून पेलाभर पेट्रोल काढाचं, उजेडात धराचं. पाणी असलं तर तळाशी बसते, मधात रेघ दिसते. रेघ दिसली का विमान थांबवाचं. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलंय, हे मी सायबाले दोनदा सांगतलं होतं. दोन दिवसापासून पाऊस, अन् विमान उघड्यावर.

त्या पेल्यात रेघ नव्हती. सायबानं तेवढंच पाह्यलं. "रेघ कुठे आहे? स्वच्छ आहे."

पण विमानाचं पेट्रोल निळसर असते. पेल्यात रंगच नव्हता. मी म्हटलं, "सायेब, यात पेट्रोलच नाही, तं रेघ कशी दिसन? सारं पाणी हाये." तवाच त्यायनं फेकलं. शर्टाले पेट्रोलचा वास आला असता तं मी चुकलो म्हटलं असतं. वास आला नाही.

एकटी उडणार होती ती त्या चौघायतली नागपूरची पोरगी. मले काका म्हणे. तीबी हसली होती, जराशी. बसता बसता हळूच म्हणे, "काका, जाऊ ना मी?"

सायेब पाहून राह्यले होते. मी म्हटलं, "जा बाई."

चाकाखालचे ठोकळे मीच काढले.

जमीन सुटली, इंजिन दोनदा अडखळलं अन् बंद पडलं. विमान समोरच्या तुरीत आदळलं. आमी धावलो. पोरगी जित्ती होती. पाय उलटा फिरला होता. रडली नाही. मले पाहून म्हणे, "काका, तुम्ही तर सांगितलं होतं."

मले तवा काहीच वाटलं नाही. अजूनबी वाटत नाही. शर्ट तसाच अंगात, वाळला होता.

दुपारून सायबानं हापिसात बोलावलं. पह्यल्यांदा मले खुर्ची दिली. चहा सांगतला. रजिस्टर पुढं सरकवलं. 'पेट्रोल तपासले, स्वच्छ', असं आधीच लिहून होतं.

"सही कर. पोरीनं घाबरून इंजिन बंद पाडलं, असं रिपोर्टमध्ये जाईल."

"नाही करत."

"का?"

"पाणी होतं. मी तुमाले सांगतलं होतं."

सायबानं रजिस्टरची मागची पानं उलटली. "मग या सह्या कोणाच्या? यातल्या किती वेळा तू पेला पाहिला होता? बोल. बुडालो तर दोघंही बुडू."

ते खरं होतं. घाईच्या दिवशी सायेब म्हणत, कर सही, अन् मी करत होतो. पेला न काढता. कितीक सकाळी. या खेपेले मी पेला काढला, पाणी पाह्यलं, अन् चार पोरायसमोर लाज वाटली म्हणून पोरीले जा म्हटलं. एवढंच झालं. लाज माझी होती, पाय तिचा गेला.

चहा तसाच ठेवून मी उठलो.

उद्या चौकशीवाले येणार हायेत. त्यायच्यापुढं मी पह्यले माझ्या खोट्या सह्या काढीन, एकेक, बोट ठेवून. मंग पाण्याचं सांगीन, मंग सायबाचं. नोकरी जाईन. केस झाली तं होऊ दे. पोरगी घाबरली होती, असं ठरवणाऱ्या कागदावर माझी सही कोणाले भेटणार नाही.