शेवट सांगायचा न्हाय

मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी न मागता साठतात. एक, मुदत संपलेल्या गोळ्या. दुसरी, किस्से. गोळ्या कंपनीला परत तरी पाठवता येतात, किश्श्यांचं काय करायचं? मग कुणी चहाला बसलं की मी सुरू होते. आमचे हे वैतागतात, "रोहिणी, तेच तेच किती वेळा सांगशील?" सांगणार! ऐकायचं नसेल तर आत जाऊन बसा की!

तर आमची एक टोळी आहे. जपानी कार्टून, चित्रकथा, भुताखेतांचे सिनेमे, परग्रहावरच्या कादंबऱ्या, म्हणजे घरचे ज्याला "येडपटपणा" म्हणतात ते सगळं बघणारी, वाचणारी आणि एकमेकांच्या गळ्यात मारणारी. मी बारामतीत मेडिकलवाली. माझा चुलतभाऊ योगेश राहतो सणसरला, नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात. प्रशांत जनावरांचा डॉक्टर, दिवसभर मोटरसायकलवर सुप्याच्या बाजूला फिरत असतो. आणि चौथे मेंबर म्हणजे तात्या. योगेशचे वडील, माझे सख्खे चुलते. ते या टोळीत कसे घुसले ते पुढं येईलच.

रविवारी सकाळी माझ्या दुकानामागच्या खोलीत बैठक भरते. नियम एकच. काय वाट्टेल ते सुचवा, पण शेवट सांगायचा नाही! ज्यानं सांगितला त्याला शिक्षा म्हणून प्रशांतच्या आवडीचा एक सिनेमा पूर्ण बघावा लागतो. प्रशांतच्या आवडीच्या सिनेमात तीन तास धुकं असतं आणि कुणी कुणाशी बोलत नाही. हा नियम योगेशनं एकदा मोडला होता. पुन्हा नाही मोडला.

या सगळ्या मजेत काळजीची गोष्ट एकच होती, ती म्हणजे योगेशचं लग्न. ऊस आहे, नोकरी आहे, व्यसन नाही, तरी जाईल तिथून पोहे खाऊन पोरगं हात हलवत परत यायचं. कारण सगळीकडं एकच, "मुलगा अजून कार्टून बघतो म्हणं!"

*

सुरुवातीला बैठकीत नुसता गोंधळ असायचा. सगळे एकदम सुचवणार, आधी कुणाचं बघायचं यावर भांडणार. मग योगेशनं कारखान्याची पद्धत लावली. उसाची लागण केली की शेतकरी कारखान्यात नोंद करतो, आणि ज्याची नोंद आधी त्याची तोड आधी. तसंच इथंही. सिनेमा सुचवला की ग्रुपवर नोंद टाकायची आणि नंबर येईपर्यंत गप बसायचं.

एकदा मी एक झकास भुताचा सिनेमा सुचवला. बारामतीत लागलाही होता. योगेशनं मोबाईल बघितला आणि साहेबासारखी मान हलवली.

"ताई, तुझी नोंद उशिराची हाय. पुढच्या महिन्यात बघू."

"अरे, शुक्रवारी थेटरातनं जातोय तो!"

"मग उभा वाळंल. आमचा इलाज न्हाय."

मी सरळ उठले. आत गेले, गरम कांदाभजी तळून आणली, प्लेट त्याच्यापुढं सरकवली आणि चटणी जरा जास्त वाढली. माझी तोड त्याच दिवशी संध्याकाळी आली!

*

तो सिनेमा बघायला आम्ही माझ्या सासूबाईंनाही नेलं. प्रशांतची पैज होती की मध्यंतरापर्यंत त्या घाबरून बाहेर येतील.

सिनेमात एक कुटुंब पाटावर नाणं ठेवून भुताला बोलावतं. मग केस मोकळे सोडलेली एक बाई रोज त्यांच्या स्वयंपाकघरात यायला लागते. थेटरात पोरं किंचाळत होती. सासूबाई मात्र पिशवीतले शेंगदाणे शांतपणे खात बसल्या होत्या. प्रशांत सिनेमा सोडून त्यांच्याच तोंडाकडं बघत होता.

बाहेर आल्यावर त्याला राहवेना. "आई, खरं सांगा, भीती वाटली का न्हाय?"

"कशाची भीती? त्या भुताला बोलवावं तरी लागलं! माझ्या नणंदेला कधी बोलवावं लागलं का?"

*

प्रशांतचा स्वतःचा किस्सा तर कहरच आहे.

सुप्याजवळच्या एका वस्तीवर गाय अडली म्हणून तो गेला. तपासलं, तर अजून वेळ होता. गाईचे मालक रामभाऊ काळजीनं येरझाऱ्या घालत होते. त्यांचं मन रमावं म्हणून प्रशांतनं बॅगेतली एक चित्रकथा त्यांच्या हातात दिली. राजा, गडकोट, आकाशातनं उतरलेली राक्षसांची फौज आणि राजाचा एक रुबाबदार सेनापती. रामभाऊ गोठ्याच्या दारात उकिडवे बसले आणि त्यात असे बुडाले की बस्स. इकडं गाय कण्हायला लागली. प्रशांत ओरडला, "रामभाऊ, या, धरा!"

"डॉक्टर, एवढं पान हुंद्या!"

शेवटी रामभाऊंची बायकोच धावत आली. खोंड झाला, पांढराशुभ्र, कपाळावर टिळा. रामभाऊ एवढे खूश झाले की अर्धं वाचलेलं पुस्तक काखेत धरून तिथंच जाहीर केलं, "ह्येचं नाव सेनापती! मर्द गडी हाय, राजासाठी जीव देणार!"

आता आली का पंचाईत! तो सेनापती शेवटी काय दिवे लावतो ते प्रशांतला ठाऊक होतं. पण शेवट सांगायचा नाही! नियम म्हणजे नियम. बिचारा म्हणाला, "रामभाऊ, नावाची घाई करू नका. बारशापर्यंत थांबा की."

"छ्या! ठरलं म्हंजे ठरलं!" रामभाऊंनी लगेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले.

पुढच्या आठवड्यात प्रशांतला फोन आला. "डॉक्टर, तुमाला म्हाईत हुतं ना?"

"काय?"

"त्यो सेनापती हरामखोर निघाला! आन हितं अख्खी वस्ती माझ्या वासराला सेनापती म्हणतीया!"

*

आता तात्या.

योगेश एक लांबलचक जपानी मालिका बघतो, हिंदीत. डोंगरातल्या गावातलं एक अनाथ पोर असतं. ते एका म्हाताऱ्या गुरूकडं लोहारकाम शिकतं आणि राक्षसांशी लढणाऱ्यांसाठी तलवारी घडवतं. आम्ही तिला नुसतं "लोहार" म्हणतो. आमच्या काकींनी, म्हणजे योगेशच्या आईनं, एक दिवस तात्यांना खोलीत धाडलं. "जावा आन बंद करा त्यो टीव्ही! पोरगं बिनलग्नाचं राहील!"

तात्या तावातावानं गेले. दाराशी उभे राहिले. तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. सगळा भाग उभ्यानं बघितला. संपल्यावर म्हणाले, "ह्ये पोरगं अनाथ हाय व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी खुर्ची आणली.

तेव्हापासून तात्या रविवारी एसटीनं बारामतीला येतात आणि बैठकीत सगळ्यात जास्त तेच भांडतात. त्या मालिकेत एक एक घाव घालायला अख्खा भाग लागतो. तात्यांचा जीव वरखाली व्हायचा. "ह्यो गेल्या भागापासनं हातोडा उचलून उभा हाय! हाणणार कवा? लोखंड थंड झालं की!"

सिनेमाच्या पुढच्या भागांना आम्ही जे नाव देतो तेही त्यांचंच. दुसरा भाग म्हणजे खोडवा, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं पुन्हा फुटलेलं पीक. तिसरा भाग म्हणजे निडवा, त्याच बुडख्याचं तिसरं पीक. एका परग्रहवाल्या सिनेमाचा पाचवा भाग प्रशांतनं सुचवला, तेव्हा तात्या उठून उभेच राहिले. "अरं, आता तरी रान नांगरा की लेकाहो!"

पण माणूस जीव लावणारा. लोहारातला तो म्हातारा गुरू आजारी पडला आणि तात्यांनी पुढं बघणंच सोडलं. योगेशनं नव्हतं बघितलं असं नाही, मीही बघितलं होतं. पण आम्ही सांगणार कसं? एका रविवारी ते हळूच काउंटरपाशी आले.

"रोहिणे, तू औषधवाली. त्येचा खोकला ऐकलास ना? वाचतो का गं?"

"तात्या, नियम हाय."

"मंग तुज्या दुकानातलं काय तरी दे की त्येला!"

"बघून टाका ना पुढचं. एका भागाचा तर प्रश्न आहे."

तात्यांनी मान हलवली. "न्हाय बाय. मी बघत न्हाय तवर जिता हाय त्यो."

 मी त्यांना आल्याची एक वडी दिली आणि गिऱ्हाईकाकडं वळले.

*

आता योगेशचं चौथं स्थळ. माळेगावचं. मुलगी शिकलेली, लोक चांगले. बघून परत येताना गाडीत मध्यस्थ मामांनी विचारलं, "काय योगेशराव, मुलगी कशी वाटली?"

आमच्या बंधुराजांची तंद्री लागलेली. रविवारच्या बैठकीत मत देतात तसं बोलून गेले, "सुरुवात जरा संथ हाय. पण दोन-तीन भागांनंतर पकड घेईल असं वाटतंय."

मामा सरळ माणूस. त्यांनी निरोप जसाच्या तसा पोचवला! दुसऱ्या दिवशी मुलीचं उत्तर आलं, "आमाला पहिल्याच भागात कळलं. पुढचं बघायचं न्हाय."

पोरीनं बरोबरच केलं! मी तर फोनवर खो-खो हसले. काकी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोन दिवस लेकाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी योगेश दुकानात आला, स्टुलावर बसला आणि छोटा पितळी हातोडा लटकवलेली गाडीची चावी फिरवत राहिला.

"ताई, मला काय बायकोनं सैपाकच करावा असं न्हाय गं. नुसतं कुणीतरी शेजारी बसून बघणारं पायजे."

ते ऐकून माझंही हसू पळालं.

*

मग आलं इंदापूरचं स्थळ. पेरूची बाग, एकत्र कुटुंब, मुलगी ऋतुजा, तिथल्या एका लॅबमध्ये रक्त-बिक्त तपासते. काकींनी या वेळी कंबरच कसली. योगेशचा कवटीवाला टी-शर्ट कपाटात कुलूपबंद. मोबाईलचं कव्हर बदललं. निघताना त्यांनी बापलेकांना देवासमोर उभं केलं. "कार्टून ह्यो शबुद जर कुणाच्या तोंडातनं निघाला, तर माजी आण हाय!"

"मी कशाला काढतोय?" तात्या म्हणाले. पण काकींनी त्यांच्याकडनंच दोनदा वदवून घेतलं.

इंदापूरला मीही बरोबर गेले होते. सगळं कसं छान चाललेलं. पोहे झाले. मुलीचे चुलते, त्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी ऊस किती, पाणी कुठलं ते विचारलं. काकी पदर सावरून बसलेल्या. मग आबा म्हणाले, "ऋतुजा, तुला बी काय इचारायचं असंल तर इचार. हल्ली तशी पद्धत हाय."

ऋतुजा टीपॉयकडं बघत होती. टीपॉयवर योगेशच्या गाडीची चावी होती, आणि चावीला लोहाराचा तो छोटा पितळी हातोडा! टी-शर्ट कोंडला, कव्हर बदललं, पण चावी राहिली होती.

"ह्यो हातोडा… लोहारमधला हाय ना?" तिनं विचारलं.

योगेशनं आधी तिच्याकडं बघितलं, मग आईकडं. काकींचे डोळे असे वटारलेले की मलाच घाम फुटला.

"न्हाय," योगेश म्हणाला. "म्हंजे… चावी हाय ती. गाडीची."

ऋतुजाचा चेहरा पडला. "अस्सं," एवढंच म्हणाली आणि ट्रे उचलायला वाकली. आबाही घड्याळ बघायला लागले. मला कळलं की हेही गेलं. कार्टूनच्या नादानं चार गेली, आणि हे बघत नाही म्हणाला म्हणून चाललं! योगेश जमिनीकडं बघत बसला होता. मी कोपरानं त्याला ढोसलं, पण आईची शपथ, तोंड उघडेना.

तेवढ्यात तात्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

"पोरी, खोटं बोलतंय त्ये. त्योच हातोडा हाय. त्यो बी बघतो आन मी बी बघतो!"

"अवो!" काकी दबक्या आवाजात ओरडल्या.

"गप गं! कार्टून म्हणलोय का मी?"

ऋतुजा ट्रे तसाच ठेवून वळली. डोळे लकाकले. "तात्या, तुमी कुठवर आलाय?"

"म्हातारा गुरू आजारी पडलाय, तितवर."

ऋतुजानं पटकन तोंडावर हात ठेवला. तिचं पुढचं बघून झालेलं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. तात्या पोह्यांची बशी हातात घेऊन पुढं झुकले. सोयरीक, आबा, काकी, सगळं विसरले होते ते. 

"पोरी, तू रक्त तपासणारी. तुला समजत असंल. ही मेली कुणी सांगंनात. वाचतो का गं त्यो?"

खोलीत सगळे तिच्याकडं बघायला लागले. ऋतुजानं तात्यांकडं बघितलं, मग योगेशकडं, आणि पदर सारखा करून म्हणाली,

"शेवट सांगत नसत्यात, तात्या. मी घरी आल्यावर आपण शेजारी शेजारी बसून बघू."

 काकींनी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. योगेश कानापर्यंत लाल.

शेवटी आबा माझ्याकडं झुकले आणि हळूच विचारलं,

"घरी आल्यावर? कुणाच्या घरी?"