कढईतलं नेट

जगातली कुठलीही वस्तू तिच्या सर्वात वाईट दिवशी पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, असं ठरवूनच जन्माला आलेली एकच बाई मी आजवर पाहिली, आणि ती माझी विहीण आहे. छत्री घ्यायला गेल्या तर दुकानदाराला बादलीभर पाणी आणायला लावतील, छत्री उघडून स्वतः खाली बसतील आणि वरून ओत म्हणतील. चप्पल घ्यायची तर दुकानासमोरच्या चिखलातून एक फेरी मारून येतील, आणि पटली नाही तर धुऊन परत देतील. त्यांच्या धानाच्या शेतीत चिखलणीला हेल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी लागायची. विकणारा माणूस अंगणात हेला ऐटीत फिरवून दाखवायचा, आणि या पदर खोचून म्हणायच्या, "कोरड्यात त कोनताबी हेला चालते जी. चिखलाच्या बांधीत जुंप, मंग बोलू."

माझ्या लेकीलासुद्धा त्यांनी असंच पाहिलं. ठरल्या दिवशी आल्याच नाहीत. पोहे गार झाले, नवी चादर काढून ठेवली, आम्ही मनातून तो विषय सोडला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लाइट नाही, नळाला पाणी नाही, लेक धुण्याच्या ढिगासमोर कपाळाला आठ्या घालून बसलेली, तर या दारात उभ्या. लेक म्हणाली, "काकू, काल यायचं होतं ना. आज मला वेळ नाही." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. विहीणबाई मात्र ओट्यावर ऐसपैस बसल्या आणि मला म्हणाल्या, "चिडली, पन खोटं हासली नाही. मले पसंत आहे." पाणीसुद्धा त्यानंतर मागितलं.

तर अशा बाईच्या घरात इंटरनेट आलं. झालं असं, की विहीणबाईंचे मालक गेले, शेती पाहायला कोणी उरलं नाही, म्हणून जावईबापू नागपूरची नोकरी सोडून गावी आले. गाव अर्जुनी मोरगावच्या पुढं, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. लेक आणि नातही आली. लेकीचं काम नागपूरच्या एका कंपनीचं. डॉक्टर बोलून ठेवतात ते कानाला लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि ठरल्या वेळेत पाठवायचं. कंपनी म्हणाली, एक पावसाळा घरून करून बघा, फाइल वेळेवर नाही आल्या तर इथं येऊन बसावं लागेल. म्हणजे लेक नागपूरला, तिच्यामागं नात, जावई अधेमधे, आणि त्या घरात विहीणबाई एकट्या. हे त्या एकदाही बोलल्या नाहीत. फक्त विचारायच्या, "हे नेट बंद कायले पडते?"

पडायचं ते टेलिफोनच्या तारेमुळं. ब्रॉडबँड त्या तारेवरून यायचं. पाऊस लागला की तारेत पाणी, कोणी नाली खोदली की तारेला घाव. जावई म्हणाले, जोडीला मोबाइलचं नेट ठेवू, डोंगल घेऊ, एक बंद पडलं की दुसरं चालेल. झालं. विहीणबाई त्यांच्या गाडीवर मागं बसून मोरगावच्या दुकानात हजर. दुकानदार हिंदीतला. म्हणाला, "अम्माजी, ये ले जाओ, आपके गाँव में फुल टावर आता है."

"पानी आल्यावर येते का?"

"बराबर आता है."

"लाइट गेल्यावर?"

"अम्माजी, मैं दुकानदार हूँ, टावर थोड़ी हूँ."

"मंग पाहाले दे. पसंत पडलं त पैसे देतो." आणि त्याच्याकडून वेगवेगळ्या कंपन्यांची डोंगलं उसनी घेऊन आल्या. आजतागायत त्या दुकानातून कोणी असं काही आणलेलं मी ऐकलं नाही.

मग सुरू झाली तपासणी. भर पावसात चालवून पाहा. लाइट गेली की पाहा. बाजाराच्या दिवशी गाव माणसांनी भरतं तेव्हा पाहा, संध्याकाळी पोरं मोबाइल घेऊन पारावर बसतात तेव्हा पाहा. लेक बिचारी लॅपटॉप घेऊन मागं, या पुढं. गावाच्या कडेलाच एक टॉवर होता, त्या कंपनीचं डोंगल सगळ्या परीक्षांत पहिलं आलं. सिग्नलच्या काड्या सगळ्या भरलेल्या. विहीणबाईंनी पैसे दिले आणि मला फोन करून सांगितलं, "इहीनबाई, आता नागपूर इसरा."

आणि आषाढात रस्त्याकडेला खोदकाम झालं, केबल तुटली, ब्रॉडबँड गेलं. लेकीनं डोंगल लावलं, तर तेही मेलेलं. काड्या भरलेल्या, पण पान काही उघडेना. जावयांनी लॅपटॉप खताच्या पिशवीत गुंडाळून पावसातून मोरगाव गाठलं, फाइल गेली, पण उशिरा. कंपनीनं सांगितलं, आता पुन्हा असं झालं तर बघा. केबल जोडायला आलेला लाइनमन चहा पिता पिता म्हणाला, "मावशी, तो टावरबी याच केबलवर चालते ना. हे तुटलं का दोघंबी झोपतेत."

त्या दिवशी विहीणबाई सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसल्या. भात संपत आला तेव्हा म्हणाल्या, "चूक माझी आहे. लाइन चालू असताना पाह्यलं मी. बंद असताना पाहाचं होतं."

दुसरी बाई असती तर सोडून दिलं असतं. यांनी दुसऱ्या दिवशी डोक्यावर घोंगडी घेतली आणि बांधाबांधानं निघाल्या. आता त्यांना दुसरीकडून येणारा टॉवर पाहिजे होता. तलावापलीकडं एका दुसऱ्या कंपनीचा होता, त्याची तार वेगळ्या रस्त्यानं येते हे त्यांनी त्याच लाइनमनला आणखी दोन चहा पाजून काढून घेतलं. पण त्याची घरात एकच काडी यायची, तीही वाटलं तर. गाव हसायला लागलं: भरलेलं सोडून म्हातारी रिकाम्यामागं लागली. जावयांनी कुठंतरी वाचलं होतं की डोंगलच्या मागं खोलगट भांडं ठेवलं की जोर वाढतो. त्यांनी परात आणली, मग गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणला. विहीणबाई उठल्या आणि लग्नाकार्याला काढायची ती मोठी कढई घेऊन आल्या. माडीच्या खिडकीबाहेर, तलावाकडं तोंड करून कढई बांधली, तिच्या पोटात प्लास्टिकात गुंडाळलेलं डोंगल, तिथून तार आत. दोन काड्या आल्या, कधी तीन. हळू चालायचं, पण चालायचं.

एवढ्यावर थांबतील त्या विहीणबाई कसल्या. दर शनिवारी सकाळी ब्रॉडबँडची तार स्वतःच्या हातानं उपसायच्या आणि जाहीर करायच्या, "आज लाइन तुटली." लेक ओरडायची, "आई, माझं काम चालू आहे." त्या म्हणायच्या, "म्हनूनच." कावळा कढईवर बसला तरी काठी घेऊन माडीवर. श्रावणात खरंच केबल तुटली, चांगली आठवडाभर, आणि सगळ्या फाइल कढईतून गेल्या. कंपनीला कळलंसुद्धा नाही.

लवकर पिकणारे हलके धान कापायला आले तेव्हा मी तिकडं होते. दुपारी कंपनीचा फोन आला. लेक माडीवरून वाकून म्हणाली, "आई, इथूनच करत राहा म्हणाले." विहीणबाई "बरं झालं" एवढंच म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. मला वाटलं होतं पेढे आणायला पाठवतील. कलत्या उन्हात आम्ही दोघीच ओट्यावर होतो, तेव्हा हळूच म्हणाल्या, "इहीनबाई, एक इचारू? तिले नागपूरले जावाचं असन त? मी तिचा रस्ता त नाही अडवला ना? तुमाले बोलली असन."

मी म्हणाले, "मला नाही बोलली. तुम्हीच विचारा."

त्या उठल्या. ओट्यावरून दिसणाऱ्या माडीच्या दारात गेल्या आणि चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. लेकीच्या कानाला हेडफोन होता, ती टाइप करत होती. या बाईला थांबताना मी पहिल्यांदा पाहत होते. काही वेळानं खाली आल्या.

"काय म्हणाली?"

"म्हने, आई, मले जावाचं असतं त मी कवाच सांगितलं असतं." मग माझ्याकडं पाहिलं. "हे राहाचं आहे म्हनून म्हनली, का मले वाईट वाटू नये म्हनून?"

"राहायचं आहे म्हणून."

"तुमी आई आहा तिच्या. तुमाले समजत असन," असं म्हणून त्यांनी माझ्यासमोरच्या शेंगाही आपल्या सुपात ओढून घेतल्या. वरून टाइपिंगची टकटक येत होती, मधेच थांबायची, परत सुरू व्हायची. थांबली की त्यांचा हातही थांबायचा.