शेजारच्याचा हात

आमच्या विहारातले एक गृहस्थ मला परळच्या बस स्टॉपवर रोज भेटतात. रविवारी सकाळी विहारात वंदना घ्यायची आणि तिथून दादरच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. "धर्म आपला एकच, बुद्धाचा," हे ते आधीच सांगून टाकतात. "पण बघा, मैत्री, करुणा आपण नुसती बोलतो. ते लोक प्रार्थना मध्येच थांबवून शेजारच्याशी हात मिळवतात. शांती असो म्हणतात."

ही पद्धत त्यांनी विहारातही वंदनेनंतर सुरू करवली. स्वतः मात्र ते धाकट्या भावापासून लांब, माझ्या शेजारी बसत. वडिलांच्या खोलीच्या वाटणीवरून दोघांचा अबोला होता. "चर्चमध्ये सोपं जातं," ते एकदा म्हणाले. "तिथे ओळखीचं कोणी नसतं."

गेल्या रविवारी भाऊ उशिरा आला आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला जागा होती तिथे बसला. वंदना संपल्यावर त्याने हात पुढे केला. "काय दादा, तुझीच स्कीम ना ही?"

त्यांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं आणि सगळे उठताच घाईने सतरंजी आवरायला घेतली. पण ती मोठी सतरंजी एकट्याला घडी घालता येत नाही. दुसरं टोक भावाने धरलं. प्रत्येक घडीला दोघे थोडे जवळ येत गेले आणि शेवटी कोपरे भावाच्या हातात द्यावेच लागले.

"नीट धर," ते म्हणाले.

त्या रविवारी ते चर्चला गेले नाहीत. भावाने चहा सांगितला होता.