वारा तोंडावर असला तरी

पंपवालीला तिच्या नावाने गल्लीत कुणीच हाक मारत नसे. नवरा गेल्यावर तिने त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान हातात घेतलं, तेव्हा दोन महिन्यांत कुलूप लागेल, असं चार शहाणे बोलले होते. त्याच शहाण्यांची पंक्चरं काढून तिने मुलाला इंजिनीअर केलं. असे शहाणे प्रत्येक गल्लीत असतात, आणि फुकट हवा भरायला तेच पहिले येतात.

मुलगा दूरच्या शहरात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. फोनवर त्याचं एकच पालुपद. "आई, विमानाने दोन तास. हे काय अंतर झालं?" ते दोन तास त्याला स्वतःला मात्र तीन वर्षांत सापडले नव्हते. शेवटी त्याने तिलाच तिकीट पाठवलं. आठ दिवस राहून ये म्हणाला, म्हणून दुकानाची किल्ली कमरेला खोचून पंपवाली पहिल्यांदा विमानात बसली.

आठव्या दिवशी तिने पिशवी भरायला घेतली.

"परतीचं तिकीट किती वाजताचं आहे रे?"

मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला. सुनेला राहवलं नाही. "आता सांगून टाका ना त्यांना."

परतीचं तिकीट काढलेलंच नव्हतं. वर दुकान एका मोबाइलवाल्याला द्यायचं, हेही पठ्ठ्याने इथूनच परस्पर ठरवलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"तू फक्त किल्ली दे," तो म्हणाला. "उकिडवं बसून चाकं फिरवायचं वय आहे का तुझं? गुडघे बघ जरा."

गुडघे दुखत होते, हे खरंच होतं. त्याला काळजी होती, हेही खरं. म्हणूनच तिला जास्त राग आला.

"गुडघे माझे, दुकान माझं. तिकीट काढ."

त्याने नाइलाजाने फोन उघडला. "हे बघ, परतीला पाऊण तास जास्त लागतो. अंतर तेवढंच, पण वारा समोरून असतो. एवढा वेळ बसवेल का तुला?"

पंपवाली आठ दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

"वाऱ्याची भीती मला घालतोस? तुला सायकलवर शाळेत सोडायचे, तेव्हा पुलावर रोज वारा तोंडावर असायचा. तू माझ्या पाठीआड बसायचास, म्हणून तुला कधी कळला नाही."

सुनेने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढून टाकलं.

पंपवाली पोचली तेव्हा मोबाइलवाला दुकानापुढे टेप घेऊन फळीची लांबी मोजत होता. तिने त्याला टेपचं दुसरं टोकही धरू दिलं नाही. कुलूप काढलं, पंप बाहेर ठेवला आणि गुडघ्यांना शिव्या घालत बैठकीवर टेकली. तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"आई, राग गेला का?"

"नाही गेला. तो घालवायला तुलाच यावं लागेल."

"येतो गं, जरा सवड..."

"अंतर तेवढंच आहे. वारा समोरून असेल, पाऊण तास जास्त लागेल, लागू दे. पण आता माझ्या पाठीआड बसून नाही यायचं. तुझं तू ये."