सात केंद्रांचा एक नकाशा

फांग युए-शिया नोकरीला लागली तेव्हा जंगलाचा अभ्यास करणाऱ्या सात केंद्रांचे सात नकाशे होते आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. एका केंद्राचा ओढा दुसऱ्याच्या नकाशावर डोंगर चढायचा. कारण साधं होतं. तैवानात जागा मोजायच्या दोन पद्धती, जुनी आणि नवी. जुन्या पद्धतीचे आकडे नव्या नकाशावर मांडले की प्रत्येक ठिपका आठशे मीटरहून जास्त पश्चिमेला सरकतो. चूक नेहमी तेवढीच आणि त्याच दिशेची. ज्याला ठाऊक आहे तो ती चुटकीसरशी दुरुस्त करतो. ज्याला नाही तो रानात भटकतो.

हा घोळ निस्तरण्यात युए-शियाची उमेदीची वर्षं गेली. ताइचुंगच्या कचेरीत ती बसे थोडी आणि हिंडे जास्त. अननसाच्या केकचा डबा घेऊन केंद्रावर जायचं, आपल्या हातचा चहा पाजायचा, कुणाच्या सासूचं गुडघेदुखीपुराण ऐकायचं आणि मग हळूच म्हणायचं, "आता तेवढे आकडे दाखवा बघू." आकडे मागितले की भली भली माणसं तिजोरीची किल्ली मागितल्यासारखी कावरीबावरी होत. बेडूक मोजणाऱ्याला पक्षीवाल्याचा संशय आणि पक्षीवाल्याला सगळ्यांचाच. तिने एकेकाला चुचकारून सगळ्यांना नव्या पद्धतीवर आणलं. कचेरीतल्या मोठ्या संगणकाने शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानातल्या रीतीप्रमाणे तीही त्याच्यावर हिरव्या पुडीतला खाऊ ठेवी. कुणी चुकून पिवळी पुडी ठेवली तर त्याची धडगत नसे.

एक गोष्ट मात्र चहाने सुटली नाही. निउचांग म्हणजे रानातला जुना कापूरवृक्ष. त्याच्या पोकळीत उगवणारं आळंबं औषध म्हणून सोन्याच्या भावाने जातं, त्यामुळे चोर अख्खं झाडच आडवं करतात. त्या झाडांच्या जागा द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा युए-शियाने नियम घातला. नेमकी जागा जांभळ्या ठिपक्याने दाखवायची आणि तो नकाशा फक्त तिने आणि प्रमुख गोंग लाओशींनी उघडायचा. बाकीच्यांना किलोमीटरभराचा चौकोन दिसेल, बस्स. झाडं त्या त्या केंद्रानेच मोजायची, तिने स्वतः तिकडे पाऊल टाकायचं नाही. जितकी पावलं कमी, तितकी वाट कमी मळते. लाओशी म्हणजे सर. गोंग लाओशी तिचे कॉलेजातले गुरू. त्यांनीच तिला या कामात आणलं होतं. त्यांच्यावर शंका घेणं तिला वडिलांचे खिसे तपासण्यासारखं वाटलं असतं.

नान्तोऊच्या डोंगरातल्या केंद्राचा राखणदार उमास सगळ्यांत शेवटी तयार झाला. तो बुनुन, डोंगरातल्या आदिवासींपैकी. रानात निघताना कुठे चाललो हे मोठ्याने बोलायचं नाही, अशी त्याच्या लोकांची रीत.

"मग नकाशावर काय लिहू?" युए-शियाने हसून विचारलं होतं.

"लिही, उमास फिरायला गेला."

"आणि निघताना कुणी शिंकलं तर?"

"तर घरी जाऊन झोपला, असं लिही. फांग-जिए, तुझा नकाशा फार बडबड्या आहे बघ."

तरी त्याने आकडे दिले. जिए म्हणजे थोरली बहीण. तो तसं म्हणे आणि तिला ते आवडे.

यंदा पानगळीच्या सुमाराला वनपोलिसांनी तिला नान्तोऊच्या चौकीत बोलावलं. डोंगरात चोर शिरले होते. ते पळाले, पण करवती आणि एक घडी घातलेला नकाशा मागे राहिला. पोलिसाने तो टेबलावर पसरला. त्यावर जांभळे ठिपके होते आणि शेजारी तिनेच घातलेले क्रमांक.

बाहेर येऊन तिने गोंग लाओशींना फोन लावला.

"अगं, ती एक सल्लागार कंपनी आहे," ते म्हणाले. "जंगलात कार्बन किती, याचा हिशेब करते. आपल्याला नवी यंत्रं देणार आहे. त्यांना सगळं लागत होतं."

"जांभळं पण?"

"सगळं म्हणजे सगळं. त्यांच्याकडून कुठे फुटलं, ते मला काय माहीत?"

"लाओशी, मी शब्द दिला होता."

"तू दिला होतास, युए-शिया. मी नव्हता दिला." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "मी निवृत्त झालो की हे सगळं तुझंच आहे. उगाच ताणू नकोस."

ती तडक डोंगरात गेली. उमासला काय तोंड दाखवावं, हे तिला वाटभर सुचलं नाही. तो भेटल्याबरोबर तिने सगळं सांगून टाकलं. त्याने पानसुपारी थुंकली आणि म्हणाला, "चल, दाखवतो."

चोरांनी जिथे रान तुडवलं होतं तिथे नूडलचे रिकामे पेले पडले होते आणि झाडोरा अस्ताव्यस्त तोडलेला होता. हातातलं यंत्र सांगत होतं की ती बरोबर जांभळ्या ठिपक्यावर उभी आहे. पण तिथे निउचांग नव्हता. खोडही नव्हतं आणि बुंधाही नव्हता. चोर रिकाम्या हाताने गेले होते.

तिने पूर्वेकडे पाहिलं. मधे दरी होती आणि पलीकडे दाट काळं रान. आठशे मीटरचा हिशेब तिला आपोआपच सुटला.

"तू मला जुने आकडे दिलेस," ती म्हणाली. "नवे म्हणून."

"दिले."

"इतकी वर्षं? माझ्या हातचा चहा पीत?"

"चहा चांगला असतो तुझा."

"थट्टा करू नकोस, उमास! बाकी कुणी नसतं दिलं तर चाललं असतं. तू मला बहीण म्हणतोस."

"म्हणूनच दिले. नाहीतर काहीच दिलं नसतं." तो दगडावर बसला. "इथे जपान्यांचं राज्य होतं तेव्हा माझ्या आजोबांनी त्यांना वाटा दाखवल्या होत्या. नकाशा झाला आणि मग अख्खं गाव खाली उतरवलं. तुझ्या मनात पाप नाही गं. पण तुझ्या वर माणसं आहेत."

"मला एकटीला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस. तुला चूक बघवते का?"

तिने दुरुस्त केलंच असतं, त्याच दिवशी.

तेवढ्यात फोन वाजला. गोंग लाओशी. "कंपनीची माणसं तक्रार करतायत. म्हणे नान्तोऊच्या ठिपक्यांवर झाडंच नाहीत. तुझ्याकडून काहीतरी गफलत झालीय. बघ आणि दुरुस्त करून पाठव."

उमास तिच्या तोंडाकडे पाहत होता. दुरुस्ती तिला कागदाशिवाय करता आली असती.

"गफलत नाही," ती म्हणाली. "नकाशा बरोबर आहे. झाडं मेली असतील."

"सगळी?"

"सगळी. मी आत्ता तिथेच उभी आहे." आणि तिने फोन बंद केला.

उमास उठला. त्याचा चेहरा उजळला होता. "जिए, चल. आता तुला खरी झाडं दाखवतो. तुझा हक्क आहे."

"हक्क काल होता," युए-शिया म्हणाली. तिने पाठीवरची पिशवी घट्ट केली. "आणि उमास, ज्याला दोन पद्धती ठाऊक आहेत, तो आज ना उद्या माझ्यासारखाच पूर्वेकडे बघेल. तिकडे पहारा बसव. हे मी तुला परकी म्हणून सांगतेय."

"घरी भात शिजलाय. बायको वाट बघतेय."

"तिला सांग, फांग-जिए फिरायला गेली."

ती एकटीच उतरायला लागली. मागून त्याने दोनदा हाक मारली. वाट निसरडी होती, आणि नेहमी अशा जागी ती उमासचा हात धरत असे. या वेळी ती बसून, हाताने गवताचे झुबके धरत, घसरत घसरत खाली गेली.