डावा पाय

तिचं नाव मला ठाऊक नाही. गोंदियातल्या त्या जिम्नॅस्टिक्स शिबिरात मुली आमच्यासाठी नुसते नंबर होत्या. उडी घेऊन त्या खाली आल्या, की पायाखालची पाटी प्रत्येक पायावरचा भार मोजायची आणि माझ्या लॅपटॉपवर दोन रेषा उमटायच्या.

ती अर्जुनी मोरगावकडची, चौदा-पंधरा वर्षांची. पाय टेकताच हात वर करायची, हनुवटी उचलायची आणि हसायची. परत जाताना मात्र काहीतरी हरवल्यासारखी जमिनीकडे बघत सावकाश चालायची. लंगडणं झाकायची ती तिची तऱ्हा होती. तिची उजवी रेषा उंच जायची, डावी जेमतेम उठायची.

पाणी प्यायला माझ्याजवळ थांबली तेव्हा हळूच म्हणाली, "मॅडम, हे मशीन दुखते तेबी दाखवते का जी?"

"नाही. कोणत्या पायावर किती भार आला, तेवढंच."

"मंग बरं. दुखते म्हटलं तं सर घरी पाठवतीन. तिकडं मले पाहाले पाहुणे येऊन राहिले."

संध्याकाळी त्यांच्या प्रशिक्षक सरांनी तिच्या रेषा मागितल्या. मी दाखवल्या आणि म्हटलं, डावा पाय डॉक्टरला दाखवायला हवा.

सरांनी स्क्रीनवर नजर टाकली. "काही झालं नाही तिले," ते म्हणाले. "पाय चोरून राहिली." मग त्यांनी तिला हाक मारली. "दोन्ही पायांवर ये."

ती उडी घेऊन पाटीवर आली. हात वर केले, हनुवटी उचलली, हसली. दोन्ही रेषा अगदी सारख्या उमटल्या.

"पाहा मॅडम," सर म्हणाले.

मी पाहिलं. हसू तसंच होतं. ती मात्र पाटीवरून खाली उतरत नव्हती.